ऐंशी अंश चालतील, आवाज नको

घरच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर 80 अंश सेल्सिअसला चालला तरी त्याचं काही बिघडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कूलर घ्यायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात तापमानाचा आकडाच ठाण मांडून बसलेला असतो. मित्राचा प्रोसेसर 62 दाखवतो, आपला 78. म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असा समज होतो. प्रत्यक्षात एएमडीच्या रायझन 7000 मालिकेची मर्यादा 95 अंश आहे, इंटेलच्या बाराव्या पिढीची 100. त्या रेषेजवळ गेल्यावर प्रोसेसर आपणहून वेग आवरता घेतो आणि एवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. 62 आणि 78 मधला फरक पडद्यावरच्या आकड्यापुरता असतो. एक्सेल तेवढंच भरभर चालतं, गेमही जवळजवळ तसाच पळतो.

आवाजाचं तसं नाही. तो रोज कानावर येतो, रात्री जास्तच येतो. म्हणून मर्यादेच्या खाली उरलेले दहा-पंधरा अंश जपून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही; ते खर्च करावेत आणि त्या बदल्यात शांतता घ्यावी. कूलर निवडताना आणि बायोसमध्ये पंख्याचे आकडे भरताना एवढा हिशेब धरला, तर साध्या घरगुती मशीनचं काम दोन-अडीच हजार रुपयांत होतं. कधी कधी तर फुकटात होतं.

हिशेब पंख्यापासून सुरू होतो. पंख्याचा वेग निम्मा केला की तो निम्मी हवा ढकलतो, हे कुणालाही सुचेल. पण आवाज त्याहून कितीतरी जास्त पडतो, कारण पंख्यातून निघणारी ध्वनिशक्ती ढोबळ मानाने वेगाच्या पाचव्या घाताने बदलते. मिनिटाला 1,800 फेरे घेणारा पंखा 900 फेऱ्यांवर आणला तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. दर दहा डेसिबलला आवाज निम्मा झाल्यासारखा कानाला वाटतो, त्यामुळे 15 डेसिबल म्हणजे ‘थोडा कमी’ नव्हे. दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारा पंखा आता टेबलाशी बसूनही शोधावा लागतो. याची किंमत? 65 वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आणि त्यावर बऱ्यापैकी टॉवर कूलर असेल, तर साधारण पाच ते दहा अंश. सौदा वाईट नाही.

पंखा मोठा का हवा, तेही याच गणितात आहे. 92 मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा देतो, तेवढीच हवा द्यायला तशाच घडणीच्या 120 मिलिमीटरच्या पंख्याला कागदावर निम्म्याहूनही कमी वेग पुरतो. म्हणून कूलरच्या खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याकडे मी बघतच नाही. तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, कुणी किती अंतरावरून, कुणी कोणत्या वेगाला, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पंख्याचा आकार, जास्तीत जास्त वेग आणि मागे किती पत्रा आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ समजतं.

आता उष्णतेकडे. रायझन 5 5600 च्या खोक्यावर 65 वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोर लावल्यावर तो 76 वॉटपर्यंत वीज घेतो. इंटेलचा आय5-12400 हाही 65 वॉटचाच म्हणून विकला जातो. त्याची वरची मर्यादा 117 वॉट आहे. कूलर घेताना हा दुसरा आकडा धरायचा. आणि ही सगळी उष्णता येते कुठून? 5600 च्या धातूच्या झाकणाखाली ज्या तुकड्यावर सगळे कोअर बसलेले आहेत, त्याचं क्षेत्रफळ आहे सुमारे 81 चौरस मिलिमीटर. जेमतेम नखाएवढ्या जागेतून येणारी ही उष्णता आधी झाकणातून, मग थर्मल पेस्टच्या पातळ थरातून, मग कूलरच्या तांब्याच्या तळातून वर चढते आणि शेवटी अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून हवेत जाते.

तळापासून पत्र्यांपर्यंतचा प्रवास ज्या तांब्याच्या नळ्यांमधून होतो, त्या हीटपाइप ही या सगळ्या प्रकरणातली खरी सुंदर वस्तू आहे. त्या भरीव तांब्याच्या सळ्या असाव्यात असं वाटतं, पण त्या पोकळ असतात. आतली हवा काढून घेतलेली असते, थोडंसं पाणी असतं आणि नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब अगदी कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट न पाहता बऱ्याच कमी तापमानाला वाफ होतं. प्रोसेसरशी असलेल्या टोकाला वाफ झाली की ती थंड टोकाकडे धावते, तिथे पत्र्यांना आपली उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, अगदी भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं तशी. ते पाणी त्या सच्छिद्र थरातून झिरपत तळाशी परत येतं. मोटर नाही, झडप नाही, झिजायला काही नाही. या कल्पनेचं एक पेटंट अमेरिकेत 1944 मध्ये जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांच्या नावावर झालं होतं, पण ते तसंच पडून राहिलं. 1963 मध्ये लॉस अॅलॅमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, हीटपाइप हे नावही त्यांचंच. तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानं होती. आज सहा मिलिमीटर जाडीच्या अशा चार नळ्या दोन हजारांच्या कूलरमध्ये मिळतात.

आता इथे एक गोम आहे आणि महाग कूलर विकणारे ती सहसा सांगत नाहीत. उष्णतेची खरी कोंडी त्या नखाएवढ्या तुकड्यापासून झाकणापर्यंतच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये होते. पुढे रस्ता कितीही रुंद केला तरी ती कोंडी सुटत नाही. म्हणून हीटपाइप नसलेल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून चार नळ्यांच्या टॉवरवर गेलात की मोठा फरक दिसतो, आणि तिथून आठ-दहा हजारांच्या जोड-टॉवरवर गेलात की 76 वॉटच्या प्रोसेसरला चार-सहा अंशांवर फारसं काही मिळत नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे तपकिरी पंखे उत्तम असतात, यात वाद नाही. पण त्यांच्या वरच्या श्रेणीतला एकटा पंखा ज्या किमतीला पडतो, तेवढ्यात आपला अख्खा कूलर येतो.

हे दुखणं मुळात उपटलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. 1989 चा इंटेल 486 पंख्याशिवाय चालायचा. 1993 मध्ये पहिला पेंटियम आला, तो सुमारे 15 वॉट खायचा, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पंखा लागू लागला. 2001 मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला की हीच चाल राहिली तर चिपवरची उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि मग रॉकेटच्या नळकांड्याच्या पंक्तीला जाऊन बसेल. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला प्रेस्कॉट नावाचा पेंटियम 4 शंभर वॉटच्या पुढे गेला. त्या काळात सायबर कॅफेत बसलेल्यांना तो घरघराट आठवत असेल. त्याच वर्षी इंटेलने पुढचा टेहास हा प्रोसेसर गुंडाळला आणि वेग वाढवण्याऐवजी कोअर वाढवण्याची वाट धरली. आपण आज जे शांत मशीन मागतो ते शक्य आहे, त्याचं बरंचसं श्रेय या माघारीला जातं.

तर, पाकीट काढण्याआधी. प्रोसेसरबरोबर मिळालेला स्टॉक कूलर टाकाऊ नसतो. एएमडीच्या रेथ स्टेल्थमध्ये हीटपाइप नाही, साधा अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि वर पंखा, एवढंच; तरीही टायपिंग, बँकेची कामं, ऑनलाइन शिकवणी, सिनेमा यासाठी तो पुरून उरतो. तो बोंबलतो तेव्हा बहुतेकदा दोष बायोसमधल्या आकड्यांचा असतो. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळतं आणि लगेच बसतं. कारखान्यातून आलेली मांडणी त्या प्रत्येक उसळीमागे पंखा पळवते. भुर्र, शांत, पुन्हा भुर्र. सलग एकसुरी आवाजाला कान सरावतो, या चढउताराला कधीच सरावत नाही.

त्यावरचा उपाय फुकट आहे. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जायचं, पंख्याचं पान उघडायचं. मदरबोर्डाच्या कंपनीप्रमाणे त्याचं नाव बदलतं, पण तापमान आणि वेग यांची एक चढती रेघ सगळीकडे दिसते. 60 अंशांपर्यंत ती सपाट ठेवायची, 35 ते 40 टक्क्यांवर. 75 ला 55 टक्के, 85 ला 75 टक्के आणि पूर्ण जोर थेट 90 च्या आसपास. ज्या प्रोसेसरची मर्यादाच 90 आहे, त्याच्यासाठी सगळी रेघ पाच अंश अलीकडे ओढायची. मग ‘स्टेप अप’ किंवा अशाच नावाची वेळेची सोय शोधायची आणि पंख्याला वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबायला सांगायचं. क्षणाच्या उसळ्या तेवढ्यात विरून जातात. पंख्याच्या वायरीला चार पिना असतील तर मदरबोर्ड त्याला पल्स देऊन वेग सांगतो. तीनच असतील तर व्होल्टेज कमी-जास्त करून. दुसऱ्या प्रकारात बायोसमध्ये ‘डीसी’ निवडलं नाही, तर पंखा कायम पूर्ण वेगानेच फिरत राहतो. कित्येक घरांतला गोंगाट एवढ्या एका खुणेचा असतो.

तिथेच प्रोसेसरची वीजही थोडी आवरता येते. एएमडीच्या बोर्डांवर इको मोड असतो, इंटेलच्या बोर्डांवर पॉवर लिमिटचे रकाने असतात. 105 वॉटचा रायझन 5 7600एक्स इको मोडने 65 च्या वर्गात आणला तरी गेममध्ये फरक शोधावा लागतो. उष्णता मात्र चांगलीच उतरते.

आवाज प्रोसेसरच्याच पंख्याचा आहे ना, हेही आधी ठरवून घ्यावं. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्या, पात्यांना लागू न देता. ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, मागचा पंखा, जुनी हार्ड डिस्क. गुन्हेगार मिनिटभरात सापडतो. एसएमपीएस घरघरत असेल तर नवा कूलर घेऊन काहीच होणार नाही, आणि एसएमपीएस घरी उघडायचा नसतो, बदलायचा असतो.

परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना आपल्या हवेचं भान ठेवावं लागतं. या चाचण्या बहुधा 20 ते 25 अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश चढू द्यायचं एवढंच ठरवतो. म्हणून 22 अंशांच्या खोलीत 65 दाखवणारा कूलर, नागपुरात मे महिन्यात खोली 38 वर असताना, 81 च्या आसपास दाखवणार. यात बिघाड काही नाही, ही साधी बेरीज आहे. पण पंख्याची रेघ हिवाळ्यात आखली असेल तर उन्हाळ्यात तिचा वरचा भाग वापरात येणार, हे धरून चाला. सोय अशी की मे महिन्यात डोक्यावरचा पंखा पाचवर असतो, विदर्भात तर खिडकीतला कूलरही गर्जत असतो. कॉम्प्युटरचा आवाज ऐकतो कोण! तो ऐकू येतो डिसेंबर-जानेवारीत, सगळं बंद असताना. आणि तेव्हा खोलीच थंड असल्याने पंख्याला धावण्याचं कारण उरत नाही.

खरं नुकसान करतं ते फर्निचर. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला खाली कॅबिनेटसाठी एक खण असतो, पुष्कळदा मागून बंद, क्वचित पुढे दारही. त्या खणात मशीन आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत बसतं. पाठीमागची फळी काढली किंवा कॅबिनेट बाहेर घेतलं की दोन हजारांच्या कूलरइतका फरक नुसत्या सुताराच्या करवतीने पडू शकतो. पुढून अखंड काच असलेली दिखाऊ कॅबिनेटंही याच जातीची. एक पंखा पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा आणि पुढची बाजू जाळीची, एवढं घरगुती मशीनला बास आहे.

हे सगळं करूनही भागत नसेल, किंवा प्रोसेसरबरोबर कूलर आलाच नसेल, तर मात्र दुकान. हवा तो 120 मिलिमीटरच्या एका पंख्याचा, चार हीटपाइपचा टॉवर. डीपकूलचा एजी400, त्याचाच थोडा मोठा भाऊ एके400, थर्मलराइटचा असॅसिन एक्स 120, कूलर मास्टरचा बरीच वर्षं चालत आलेला हायपर 212. आपल्याकडे हे साधारण दोन ते तीन हजारांच्या पट्ट्यात फिरतात, भाव महिन्यागणिक हलतात. यांच्यातला फरक दोन-तीन अंशांचा, म्हणजे आपल्या हिशेबात शून्य. त्या दिवशी जो स्वस्त आणि ज्याची वॉरंटी इथे चालते, तो घ्यावा. रंगीत दिव्यांचे पैसे वेगळे पडतात आणि त्यांनी एक अंशही उतरत नाही. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई हा सहा नळ्यांचा आणि दोन पंख्यांचा कूलर थोड्या जास्त पैशांत मिळतो. 140 वॉटच्या घरातला प्रोसेसर असेल तर तिथपर्यंत जायला हरकत नाही. पाण्याच्या कूलरकडे मात्र या किमतीत बघू नये. त्यात पंख्यांबरोबर पंपाची गुणगुण येते, आणि तो पंप एक दिवस थांबतोच.

घेण्याआधी दोन मापं. पहिलं उंचीचं. एजी400 ची उंची 150 मिलिमीटर, एके400 आणि पीअरलेस असॅसिनची 155. स्वस्त कॅबिनेटमध्ये कधी कधी 150 चाही वांधा होतो आणि मग बाजूचं झाकण लागत नाही. कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठीची कमाल उंची लिहिलेली असते. नसेल तर मदरबोर्डापासून झाकणापर्यंत पट्टी धरून मोजायचं. दुसरं माप सॉकेटचं. इंटेलच्या जुन्या सॉकेटची भोकं एकमेकांपासून 75 मिलिमीटरवर होती, 2021 मध्ये आलेल्या एलजीए1700 ने ती 78 वर नेली. फरक तीनच मिलिमीटरचा, पण जुनी पकड बसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळतो तेव्हा खोक्यावर ‘1700’ छापलेलं आहे का, हे नीट बघावं. एएमडीकडे हा त्रास कमी. एएम4 च्या प्लास्टिकच्या कानांत अडकणारा कूलर सहसा एएम5 वरही चालतो. बोर्डामागची स्वतःची पट्टी वापरणाऱ्या कूलरला मात्र वेगळं किट लागतं.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, एक जागा सोडली तर निर्धोक. ती जागा म्हणजे एएम4 वरचा जुना कूलर काढणं. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरशी इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर त्याच्याबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, खटका लावलेला असताना. मग वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसावं लागतं. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम करावी, मशीन बंद करून वायर काढावी, पकड सोडवावी आणि कूलर ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे हलके पिळावा. पेस्ट सुटली की हाताला कळतं. ताण एकदम जातो आणि कूलर सरकू लागतो. तेव्हाच उचलायचा.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म असते. ती काढायची. तिच्यावर ‘काढा’ असं ठळक छापलेलं असतं, तरी ती तशीच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीवाल्यांकडे येतच असतात. पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. दाबाखाली ती आपोआप पसरते. स्क्रू समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नाही. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावायची, नाहीतर मशीन सुरू होतानाच तक्रार करतं.

पुढची देखभाल धुळीची. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून पत्र्यांमधली लोकर ब्रशने काढावी. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो वाटेल तितका पळतो आणि बेअरिंग खराब होतं. काही वर्षांनी बेअरिंग आपोआपही कुरकुरू लागतंच. तेव्हा कूलर बदलायची गरज नसते. पंखा तारेच्या दोन क्लिपांनी अडकवलेला असतो आणि 120 मिलिमीटरचं माप सगळीकडे सारखं असतं. चार पिनांचा साधा पंखा पाच-सहाशे रुपयांत येतो आणि क्लिपा काढून लावायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.